बेगमीतलं पेट्रोल

माझी लडाखमधली पोस्टिंग हिवाळ्याआधी संपायची होती. बर्फ लवकर पडला, खिंड बंद झाली आणि माझ्या जागी येणारा माणूस खालीच अडकला. तो हिवाळा मी वरच काढला. मी रसद विभागातला शिपाई होतो. जे लढणार त्यांना पीठ, डाळ, रॉकेल आणि पेट्रोल पोहोचवायचं आणि पोहोचलेलं सांभाळायचं, एवढं आमचं काम होतं.

हे आधी सांगतो, कारण कॉलेजात मला वेगळ्या गोष्टी विचारतात. सतरा वर्षं नोकरी करून मी नायक म्हणून निवृत्त झालो आणि विरारच्या एका कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वर्गातली मुलं मला फौजी अंकल म्हणतात आणि गोळीबार पाहिला का, असं विचारतात. मॅडमनी वार्षिक अंकासाठी आठवणी लिहायला सांगितल्या, तेव्हा त्यांच्याही मनात तसंच काही असेल. माझ्याकडे जेरीकॅनची गोष्ट आहे. ती मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. जसं घडलं तसं लिहितो.

पोस्टपासून थोडं खाली, दगडी भिंतीच्या आडोशाला आमचा एफओएल डंप होता. एफओएल म्हणजे इंधन, तेल आणि वंगण. तिथे जेरीकॅनच्या रांगा असत. रॉकेल बुखारीसाठी लागे. बुखारी म्हणजे बंकर गरम ठेवणारी शेगडी. पेट्रोल जनरेटरसाठी. दोन्हींचे कॅन दिसायला सारखेच. फरक फक्त रंगाच्या पट्ट्याचा, आणि दगडांवरून ओढून ओढून तो पट्टा घासला जाई.

डंपचा इनचार्ज लान्स नायक महादेव गावडे होता. चंदगडकडचा, ठेंगणा, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. मी त्याला गावडेदादा म्हणायचो. एरवी तो कमी बोलायचा. डंपवर आला की बोलणं थांबत नसे.

पहिल्या दिवशी त्याने मला विचारलं, “पेट्रोलची भीती वाटते का रे, इनास?”

मी म्हटलं, “नाही.”

“मग तू इथे कामाचा नाहीस. ज्याला भीती वाटते तोच माणूस मला इथे पाहिजे.”

मग त्याने कॅनचं झाकण अर्धवट सैल करून पुन्हा घट्ट लावलं. म्हणाला, “पेट्रोल जळत नाही. त्याची वाफ जळते. पेट्रोल तुला दिसतं, वाफ दिसत नाही. आणि ती जड असते. वर जाऊन उडून जात नाही. जमिनीलगत सरपटते, विस्तव मिळेपर्यंत. तू इथे उभा, विस्तव तिथे लांब, तरी ती जाऊन त्याला घेऊन परत तुझ्याकडे येते.”

रोजचं काम ठरलेलं होतं. सकाळी कॅन बघायचे. झाकणाची रबरी चकती बसली आहे का, कुठे ओल दिसते का. कॅन काठोकाठ भरायचा नाही, वर थोडी जागा सोडायची, कारण उन्हात पेट्रोल फुगतं. भरताना कॅन जमिनीवर ठेवूनच भरायचा. जनरेटर चालू असताना किंवा गरम असताना त्यात ओतायचं नाही. वाळूच्या बादल्या भरलेल्या पाहिजेत. आणि कुठलाही कॅन वापरायच्या आधी गावडे हातमोजा काढून दोन थेंब तळहातावर घ्यायचा. पेट्रोल असेल तर हात चटकन गार पडतो आणि लगेच कोरडा होतो. रॉकेल तेलकट राहतं. त्या थंडीत हातमोजा काढणं म्हणजे शिक्षा होती. तो प्रत्येक कॅनला काढायचा. आमच्यातले काहीजण हसायचे, “दादा कॅनला हळद लावतोय.” तोही हसायचा आणि पुढचा कॅन घ्यायचा.

फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी गावडेला कंपनी हेडक्वार्टरने वायरलेस सेटवर बोलावलं. स्टॉकचा आकडा हवा होता. तो सिग्नलच्या बंकरमध्ये आला, तिथे माझी ड्यूटी होती. तेवढ्या वेळात खालच्या बंकरमधली बुखारी विझायला आली, म्हणून एका जवानाने रॉकेलच्या रांगेतला कॅन उचलून नेला. पट्टा रॉकेलचाच होता. आत पेट्रोल होतं. खाली कुठे, कुणी भरलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

गावडे बाहेर पडला आणि थांबला. त्याने नाक वर केलं. मग तो धावला. उंचीवर कुणी धावत नाही, श्वास पुरत नाही. तो धावत खाली गेला. मला त्याचा आवाज ऐकू आला, “बाहर! सब बाहर! छोड दो सब!”

जवान एकामागून एक बाहेर आले. सगळे आले. मग फक्कन आवाज झाला. मोठा स्फोट नव्हे. कुणी मोठी चादर झटकावी तसा. गावडे बंकरमधून पेटलेला कॅन घेऊन बाहेर आला, आणि डंपच्या उलट दिशेला, उतारावर त्याने तो फेकला. मग तो बर्फात पडला.

सेटवर मी होतो. अजून ते बोलणं जसंच्या तसं आठवतं.

“एक कॅज्युअल्टी. बर्न्स. हेलि चाहिए. ओव्हर.”

“वेदर पॅक्ड है. वेट करो. ओव्हर.”

“सर, ज्यादा जला है. ओव्हर.”

“समझ गया. वेट करो. आउट.”

ढग हटल्यावर, दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर आलं. ते त्याचा देह घेऊन गेलं. त्याच्या गावी त्याला अग्नी दिला. खिंड बंद असल्यामुळे आमच्यातलं कुणी तिथे जाऊ शकलं नाही.

सुटीवर घरी आलो तेव्हा आईला एवढंच सांगितलं की माझा एक सीनियर अपघातात गेला. कसा गेला ते सांगितलं नाही. तिने नाव विचारलं. त्या वर्षापासून मृतांच्या दिवशी ती दफनभूमीत बाबांच्या थडग्यावर मेणबत्ती लावायची आणि एक वेगळी मोठ्या क्रूसाखाली लावायची. “त्या गावडेसाठी,” म्हणायची. मी जरा लांब उभा राहायचो. काडी ओढल्याचा आवाज मला नको वाटायचा.

निवृत्त होऊन मी उमेळ्याला घरी आलो. घरात आई, थोरला भाऊ सायमन आणि फिलू वहिनी. मागे थोडी वाडी उरली आहे. केळी, अळू, थोडा मोगरा. समोर पूर्वी वाडी होती तिथे आता सात मजली इमारत आहे. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो. ती इथे लिहिली तर बाहेरच्यांना समजायला जड जाईल, म्हणून घरच्यांचं बोलणं साध्या मराठीत लिहितो.

मे संपत आला की आमच्याकडे पावसाची बेगमी करतात. सुके बोंबील, सुकट, वाल, मसाल्याच्या बाटल्या, चिंच, सुकी लाकडं. आई बेगमीत आणखी एक वस्तू धरते. फेब्रुवारीत देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात, त्यातली एक जाड मेणबत्ती ती कपाटात जपून ठेवते. वादळ आलं किंवा पाणी चढलं की ती घरातल्या अल्तारावर पेटवायची. एकदा पेटवली की मधे विझवायची नाही. ती संपेपर्यंत घर सांभाळते, असं आई मानते, तिची आईही मानायची.

परत आल्यावर पहिल्याच जूनमध्ये मी पोटमाळ्यावर चढलो आणि मला वास आला. बोंबलाच्या डब्यामागे थंड पेयाच्या मोठ्या बाटल्या उभ्या होत्या. आत पिवळसर पाणी. मी खाली उतरलो. 

“सायमन, वर काय आहे?”

“बेगमी,” तो म्हणाला.

“पेट्रोल?”

“अरे, तू नव्हतास तेव्हा इथे पाणी भरलं होतं. भराव टाकून टाकून गाव खड्ड्यात गेलं आहे. चार दिवस लाइट नाही, पंपावर पेट्रोल नाही. मोबाइल मेले, पाण्याची टाकी रिकामी. तेव्हापासून गल्लीत सगळ्यांनी छोटे जनरेटर घेतले. मग पेट्रोल नको साठवायला? बोंबील साठवतो तसं.”

“बाटलीत देतात पंपावर?”

“नियमाने नाही देत. गाडीच्या टाकीतून काढतो.”

“तोंडाने?”

“मग काय स्ट्रॉ देतात का?” तो हसला. “मेजर, तुमची बॉर्डर संपली. हे घर आहे.”

तो मला मेजर म्हणतो. मी नायक होतो हे त्याला चांगलं माहीत आहे.

मी त्या बाटल्या एक-एक करून वाडीत नेल्या. लोखंडी, पक्क्या झाकणाचा जेरीकॅन आणला. जेवढं जनरेटरला दोन दिवस पुरेल तेवढंच ठेवलं, बाकीचं सायमनच्या आणि शेजाऱ्यांच्या गाड्यांत ओतलं. वाडीच्या टोकाला जुनी पंपाची खोली आहे, विटांची, वर कौलं, भिंतीला खाली-वर झरोके. घरापासून लांब, सावलीत. कॅन तिथे ठेवला. बाजूला वाळूची बादली. दारावर लाल रंगाने ‘पेट्रोल’ लिहिलं. मला वाटलं, गावडेदादाने तपासणी केली असती तर पास केलं असतं.

एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. आमच्या त्या पोस्टवर पूर येत नसे. पंपाची खोली वाडीतल्या सगळ्यात खोल जागी होती.

गेल्या पावसाळ्यात ते झालं. माझी सेमिस्टरची परीक्षा होती. रात्रभर पडत होतं, तरी पहाटे निघालो, कारण परीक्षा बुडवायची मला हिंमत होत नाही. कॉलेजात पोहोचल्यावर कळलं, पेपर पुढे ढकलला. परत येताना रिक्षावाल्याने हमरस्त्यावर सोडलं. “आगे पानी है, अंकल. इंजिन बैठ जायेगा.” मी पँट वर केली आणि चालत निघालो. साडेनऊ-दहाचा सुमार असेल. गल्लीत पाणी गुडघ्यावर होतं. लाइट सगळीकडे गेलेली.

फाटकाजवळ आलो आणि मला वास आला.

मी उभा राहिलो. हे लिहायला मला कठीण जातं, पण खरं आहे. मी धावलो नाही. पाय हललेच नाहीत. आमचं जोतं उंच आहे, तरी घरात पाणी शिरलं होतं आणि ओटीच्या पायऱ्यांवर हेलकावत होतं. त्या पाण्यावर रंगीत साय होती. निळी, जांभळी. ती घरातून येत होती.

ओटीवर उंच बाकड्यावर जनरेटर ठेवला होता. सायमन त्याच्यावर वाकला होता. सुरू करायच्या दोरीचं टोक त्याच्या मुठीत होतं.

“सायमन! हात काढ!”

त्याने वर पाहिलं. “आले आमचे मेजर. अरे, पंपाची खोली बुडाली. तुझा कॅन मी छातीएवढ्या पाण्यातून काढला. शाबासकी दे आधी.”

“दोरी सोड.”

“काय झालं?”

“दोरी सोड. बाजूला हो. काही ओढू नकोस, काही पेटवू नकोस.”

माझा आवाज वेगळा असावा. त्याने दोरी सोडली.

“पेट्रोल कुठे आहे?”

“आत, वर ठेवलंय. भिजू नये म्हणून. कॅन जड होता रे, हातातून सुटत होता. म्हणून अर्धं पाण्याच्या जारमध्ये ओतलं. कॅन इथे बाकड्यावर, जार आत.”

“आत कुठे?”

“सगळ्यात उंच कुठे असतं आपल्याकडे? अल्तारावर.”

वीज नव्हती, म्हणजे मेन स्विचमधून ठिणगी पडणार नव्हती. पण ती कुठल्याही क्षणी परत येऊ शकत होती. मेन ओटीच्या भिंतीवर आहे. मी आधी तो खाली केला. मग खिडकीशी गेलो.

आमचा अल्तार म्हणजे भिंतीला लावलेलं खांद्याएवढं उंच लाकडी मेज. वर येशू, मारियामाता, बाबांचा फोटो. त्यावर आईने विणलेली जाळीची पांढरी चादर. मारियामातेच्या एका बाजूला पाण्याचा प्लॅस्टिकचा जार, जरा तिरपा, झाकण नीट न बसलेला. झाकणाखालून धार नव्हती, पाझर होता. चादरीवर ओला डाग पसरला होता. चादरीच्या टोकावरून खाली पाण्यात थेंब पडत होते. दुसऱ्या बाजूला पितळी स्टँडवर आईची मेणबत्ती जळत होती. डागाची कड आणि स्टँड यांच्यात वीतभर अंतर असेल. कदाचित कमी.

ज्या दिवशी पेट्रोल अल्तारावर जातं, त्याच दिवशी ती मेणबत्ती पेटते. हे मला आधी कळायला हवं होतं असं नाही म्हणत, कुणालाच कळलं नसतं. पाणी चढलं की आमच्याकडे दोन्ही गोष्टी एकाच जागी येणार होत्या.

खाटेवर आई बसली होती. तिच्या शेजारी मागच्या चाळीतल्या जानकीबाय, मासळी विकतात त्या, आणि त्यांची नात. चाळीत कमरेएवढं पाणी होतं म्हणून त्या आमच्याकडे आल्या होत्या. आईच्या हातात रोजरीची माळ होती. नातीने पाय पाण्यात सोडले होते आणि ती त्या रंगांशी खेळत होती.

स्वयंपाकघरातून फिलू वहिनीचा आवाज आला, “इनास आला का? चहा ठेवतेच आहे, ओला झाला असशील.”

तिच्या हातात गॅसचा लायटर होता.

“वहिनी, थांब.”

“का?”

“लायटर फळीवर ठेव. हळू. दाबू नकोस. ठेवलास?”

“ठेवला.”

“गॅस पेटलेला आहे?”

“नाही रे, आत्ताच तर…”

“सिलिंडरचा कॉक बंद कर. मागचं दार उघड आणि बाहेर वाडीत जा. वारा तिकडून येतोय, तिकडेच थांब.”

ती घाबरली, पण गेली. मागचं दार उघडल्याचा आवाज आला. वारा घरातून माझ्या तोंडावर आला आणि ज्योत आडवी झाली. डागाकडे आडवी झाली, मग परत सरळ उभी राहिली. मला वाटलं, दार उघडायला सांगून मी चूक केली. पण दार बंद ठेवणं त्याहून वाईट होतं.

“जानकीबाय, नातीला उचला आणि मागच्या दाराने बाहेर चला.”

जानकीबाय म्हणाल्या, “काय रं, कोन मेलंय काय एवढा कावराबावरा व्हायला? भायेर पानी, आत पानी. बसू दे की दोन घटका.”

“बाय, घरात पेट्रोल सांडलंय.”

“वास येतोय खरा. मला वाटलं डिझेल. आमच्या होडीत रोजचाच हाय.”

“हे डिझेल नाही. चला.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग नातीला कडेवर घेतलं आणि गेल्या. नात विचारत होती, “आजी, पानी रंगीत का झालं?” जानकीबाय म्हणाल्या, “गप. मान खाली घाल.”

आत आई एकटी राहिली. मी खिडकीच्या गजांना धरून उभा होतो. आत जाऊन मीच ती मेणबत्ती विझवायला हवी होती, पण मी पाण्यातून चाललो असतो तर लाट उठली असती, मेज हललं असतं. आई मेजाच्या अगदी जवळ होती. ज्योतीला कुणी फुंकरही मारायला नको होती. झाकायची होती.

“आई, नीट ऐक. तुझ्या बाजूला स्टीलचा पेला आहे. तो मेणबत्तीवर उपडा घाल. मेणबत्ती उचलू नकोस. फुंकू नकोस.”

आई म्हणाली, “ती विझवायची नसते, इनास.”

“आई.”

“सायमन पाण्यातून आत्ता बाहेर आलाय. तू आत्ता आलास. अजून पाणी चढतंय. आज नको. ती तिची संपू दे.”

मला ओरडायचं होतं. ओरडलो असतो तर ती दचकली असती. चादरीचा डाग मला दिसत होता. तो थांबला नव्हता.

मी म्हटलं, “आई, गावडे असाच गेला.”

 तिने रोजरी मांडीवर ठेवली.

“ह्या वासाने?”

“हो.”

 पेल्यात थोडं पाणी होतं, ते तिने हळूच खाटेवर ओतलं, खाली नाही. खाली उतरली नाही. खाटेवरच गुडघ्यांवर उठून हात लांब केला.  पेला खाली आला आणि ज्योत दिसेनाशी झाली.

मी श्वास घेतला. वास होताच.

“तसाच राहू दे. काढू नकोस. आता मागून बाहेर ये. हळू चाल.”

सगळे वाडीतल्या उंच बांधावर उभे राहिले, पावसात. मी आणि सायमन खिडक्या बाहेरून जेवढ्या उघडता आल्या तेवढ्या उघडल्या. मग आम्ही थांबलो. थांबणं हे गावडेदादाने शिकवलेलं सगळ्यात कठीण काम होतं. जिथे वाफ आहे तिथे घाई करायची नाही. वारा आपलं काम करतो.

बऱ्याच वेळाने मी आत गेलो. सायमन म्हणाला, “मी येतो.” मी नको म्हटलं. पाय घासत, पाणी न उसळू देता मेजापर्यंत गेलो. जार सरळ केला, झाकण घट्ट फिरवलं. तो छातीशी धरून मागच्या दाराने बाहेर आणला. त्या वेळी माझ्या हातांना पेट्रोल लागलं. हात गार पडले आणि लगेच कोरडे झाले. दोन थेंब तळहातावर.  जार तसाच धरून चालत राहिलो.

जार आणि कॅन आम्ही बांधावर, केळींच्या पलीकडे, मोकळ्या वाऱ्यात ठेवले. चादर काढून बाहेर टाकली. दुपारी समोरच्या इमारतीत एकदम सगळे दिवे लागले, कुणीतरी आनंदाने ओरडलं, आणि दिवे पुन्हा गेले. आमच्या घरात काही झालं नाही, मेन खाली होता. मी सायमनकडे पाहिलं. तो आमच्या अंधाऱ्या खिडकीकडे बघत होता.

“किती घाबरला होतास रे तू,” तो म्हणाला.

“हो.”

“मी दोरी ओढली असती तर?”

 त्यानंतर त्या दिवशी तो मला मेजर म्हणाला नाही.

संध्याकाळी पाणी उतरलं. घर धुतलं तरी वास दोन दिवस होता. आम्ही चहा जानकीबायच्या ओळखीच्या घरून आणला, वहिनीने चूल-गॅस काही पेटवू दिलं नाही. आईने मला जवळ बसवलं आणि म्हणाली, “आता सांग. सगळं सांग.” मी सांगितलं. पट्टा, दोन थेंब, धावणं, फेकलेला कॅन, सेटवरचं बोलणं. इतक्या वर्षांत घरात पहिल्यांदा. ती मधे एकदाच बोलली. “त्याची आई आहे का?” मी म्हटलं, “होती. आता माहीत नाही.”

आता आमचं पेट्रोल घरात येत नाही आणि खाली जमिनीवरही राहत नाही. बांधावर आम्ही छातीच्या वर येईल एवढा विटांचा कट्टा बांधला आहे. वर पत्रा, चारी बाजूंनी जाळी. त्यात एकच लोखंडी कॅन, तोही काठोकाठ नाही. पावसाळा संपला की उरलेलं गाडीत ओततो आणि कॅन रिकामा करून ठेवतो. गल्लीतले तीन-चार जण येऊन कट्टा बघून गेले. एकाने तसाच बांधला. बाकीच्यांच्या पोटमाळ्यावर काय आहे, मला माहीत नाही. त्यांच्या घरावरून जाताना मी अजून वास घेतो. लोक हसतात. हसू देत.

कुणी मला विचारतं, घरी पेट्रोल कसं ठेवावं. मी म्हणतो, नाही ठेवलं तर उत्तम. ठेवावंच लागलं तर थोडं, लोखंडी पक्क्या कॅनमध्ये, घराबाहेर, आणि जिथे आजवर कधी पाणी चढलं असेल त्याच्याही वर. आणि त्याची भीती बाळगा. ती गेली तर ती परत येईपर्यंत हात लावू नका.

नोव्हेंबरमध्ये मृतांच्या दिवशी आम्ही दफनभूमीत गेलो. थडगी धुतलेली होती, सगळीकडे झेंडू आणि मेणबत्त्या. बाबांच्या थडग्यावर सायमनने मेणबत्ती लावली. मग आई मोठ्या क्रूसाकडे निघाली आणि मी नेहमीसारखा मागे थांबलो.

तिने पिशवीतून एक जाड मेणबत्ती काढली. वरची वात काळी, बाजूला पेल्याच्या कडेचा गोल वळ. ती मी लगेच ओळखली. पुरानंतर तिने ती पुन्हा पेटवली नव्हती. मला वाटलं होतं, टाकून दिली असेल.

“ही अर्धीच राहिली,” आई म्हणाली. “उरलेली त्याची.” आणि तिने काडेपेटी माझ्यापुढे धरली.

मी आधी हात हुंगले. सवयीने. मग आजूबाजूला पाहिलं, वारा कुठून येतो ते पाहिलं. पहिली काडी मोडली. दुसरी लागली. लान्स नायक महादेव गावडे, चंदगड. मी नाव मोठ्याने घेतलं, हजेरीला घेतात तसं. 

मेणबत्ती संपायला बराच वेळ लागला. आम्ही तिथेच उभे होतो. या वेळी ती कुणीही विझवली नाही.